जुन्या गाडीला नवं तेल

इंजिनाच्या तेलातलं मला जेवढं कळतं, तेवढं तेल बनवणाऱ्यांनाही कळत नसेल! हे मी छातीठोकपणे सांगतो. ऐकायला कोणी नसलं तरी सांगतो. आमची ही गेल्यापासून घरात ऐकणारा फक्त टेबलावरचा पंखा उरलाय, आणि तो माझ्या प्रत्येक वाक्याला नाही नाही अशी मान हलवतो.

माझी गाडी लेक शाळेत जायला लागली त्या वर्षीची. आता लेकीचेच केस पांढरे व्हायला लागलेत. या गाडीला मी जन्मभर दाट तेल पाजलं. जुनं इंजिन झिजून सैल झालेलं असतं, आणि सैल बुटाला जाड मोजाच हवा. जावयांचा पक्ष नेमका उलटा.

"बाबा, नवी तेलं इंजिन आतून साफ करतात. अगदी लख्ख."

"लख्ख करून काय त्यात तोंड बघायचंय?"

हा वाद फोनवर रंगायचा आणि मी त्याची वाट बघायचो. लेकीचं बोलणं 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' एवढ्यात आटपायचं. दोघं नोकरीवाले, घरी येतात ते पिळून वाळत घातल्यासारखे. तिला तरी काय बोलणार? एकदा तिनं विचारलं, "संध्याकाळी करमतं का हो?" मी म्हटलं, "करमायला वेळ कुठे आहे? आमचं मित्रमंडळ आहे ना. पत्ते, गप्पा, नुसता धुमाकूळ." असलं मंडळ या भूतलावर नाही. पण 'नाही करमत' म्हटलं असतं तर तिनं मला दयेनं बोलावलं असतं, आणि ते मला नको होतं.

संध्याकाळी मी गाडी काढायचो. जुनं इंजिन रोज फिरवलं नाही तर आखडतं, हे शास्त्र आहे. ते फिरवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या घरासमोरच्या झाडाखालीच का जावं लागतं, याबद्दल शास्त्र गप्प आहे. तिथून तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दिवा लागला, भांडी वाजली, आत कोणी कोणावर तरी ओरडलं, की माझं पोट भरायचं आणि मी परत फिरायचो.

अशात वाढदिवसाला जावयांनी तेलाचा डबा पाठवला. नवं, सोनेरी, पाण्यासारखं पातळ! मी तो पलंगाखाली ढकलला. पुढच्याच फोनला त्यांनी विचारलं, "घातलं का?" नाही म्हणावं तर बिचारे हिरमुसले असते, आणि मग पुढच्या फोनवर आम्ही बोलायचं कशावर? "घातलं," मी म्हणालो, "इंजिन नुसतं कुजबुजतंय." आणि बोललो ते खरं करायला लगेच खाली जाऊन घातलंही.

थोडे दिवस इंजिन खरंच कुजबुजलं. मग खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "काका, तुमची गाडी लहान मुलासारखं करून ठेवतेय. माझा पाय घसरला." मी गाडीखाली जुनं घमेलं ठेवलं आणि मेकॅनिककडे गेलो. हा मेकॅनिक इंजिनाला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

"काका, जुन्या इंजिनाचे रबरी सील कडक होऊन चिरतात," डॉक्टर म्हणाला. "त्या चिरांत घाण बसते आणि तीच तेल अडवून धरते. या तेलानं ती धुऊन काढली."

"म्हणजे एवढी वर्षं माझी गाडी घाणीच्या जोरावर चालली?"

"माणसंही चालतात की. सील मागवतो. तोवर गाडी हलवू नका. तेल संपलं तर इंजिन बसलंच समजा."

हलवू नका म्हणे! गाडी उभी ठेवेन हो, पण संध्याकाळ कुठे उभी करू? मी रोज निघताना तेल ओतायचो आणि जायचो.

मग एके दिवशी जावयांचा फोन आला. आवाज दबका. "बाबा, आमच्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय. समोरच्या झाडाखाली रोज तेलाचा ताजा डाग असतो. शेजारचे निवृत्त फौजदार म्हणतात, चोर घर हेरतोय."

शहाण्या माणसानं इथे जाणं थांबवलं असतं. मी गाडी झाडाखाली न लावता रोज थोडी पुढे लावायला लागलो. परिणामी रस्त्यालगतच्या भिंतीच्या कडेनं डागांची रांग लागली आणि फौजदारांनी ठरवलं की ही टोळी आहे.

"तुमचा तेलातला अभ्यास आहे," जावई म्हणाले. "कशी गाडी असेल?"

आजवर माझा अभ्यास कोणी मान्य केला नव्हता. मी फुगलो. "डाग काळा पण पातळ असेल तर गाडी जुनी आणि तेल नवं," मी तपशीलवार सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण स्वतःचंच वर्णन देऊन बसलो.

दुसऱ्या संध्याकाळी दिवा लागायची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात काचेवर टॉर्चचा झोत पडला. एका बाजूला काठी घेतलेले फौजदार, दुसऱ्या बाजूला बॅडमिंटनची रॅकेट उगारलेले जावई.

"खाली उतर," फौजदार म्हणाले.

"उतरतो. दार जरा आतून अडकतं."

जावयांची रॅकेट खाली आली. "बाबा? तुम्ही?"

गलका ऐकून लेक ओल्या हातांनी बाहेर आली. मी म्हटलं, "आज मंडळाची बैठक या बाजूला होती." तिनं नवऱ्याच्या हातातला टॉर्च घेतला आणि भिंतीच्या कडेनं फिरवला. एक डाग, पुढे दुसरा, त्याच्या पुढे आणखी. झोत कोपऱ्यापर्यंत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "इतक्या वेळा आलात?"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण मला वाटलं, ही माझ्या गाडीला जन्माची गळकी समजतेय. माझ्या देखभालीवर ठपका! मी ठणकावून म्हणालो, "अगं, गळती तर नवं तेल घातल्यापासूनची आहे. त्याआधी वर्षभर रोज येत होतो, एक थेंब सांडला नाही."

बोललो, आणि मग मलाच ते ऐकू आलं.

लेकीनं टॉर्च बंद केला. वळसा घालून आली, पलीकडचं दार उघडलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसून रडायला लागली. मी स्टिअरिंग पुसत बसलो. फौजदार काठी पाठीमागे लपवून हळूच निघून गेले.

जावई अजून गुडघ्यावर बसून ताज्या डागात बोट घालून बघत होते. ओशाळून म्हणाले, "बाबा, पण तेल तसं वाईट नाहीये हो."

सांगायला लाज वाटते, पण तेलाच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदाच हार मानली.

"नाही," मी म्हणालो. "फार चांगलं तेल आहे."