नाना मापाऱ्यांचं मडकं

नाना मापाऱ्यांनी देशापुढचा एकही प्रश्न मडक्याशिवाय सुटू दिला नाही. इतर गावांत सभा भरत, ठराव होत, टाळ्या पडत. आमच्या दोंडाईच्यात आठवडे बाजाराच्या दिवशी नाना कडुनिंबाखाली एक मातीचं मडकं घेऊन बसत. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं आणि फडक्याला मनगट जाईल एवढं भोक. येणाऱ्याच्या हातावर नाना ज्वारीचा एक दाणा आणि उडदाचा एक दाणा ठेवत आणि त्या आठवड्याचा प्रश्न विचारत. ज्वारी म्हणजे होय, उडीद म्हणजे नको. एक दाणा आत टाकायचा, दुसरा आपल्याजवळ ठेवायचा. कोणी काय टाकलं ते मडकं सोडून कोणाला कळत नसे.

मी तेव्हा तिथल्या स्टेशनावर तिकीटबाबू होतो. स्वराज्य यायला अजून दहाएक वर्षं होती. नानांच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली होती, आणि आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. पहिल्याच दिवशी नाना त्या भिंतीवर कोपर टेकून मला म्हणाले, "बाबू, विधवानं लगन व्हवाले पाहिजे का नको?" मी गडबडलो. म्हटलं, "लोक काय म्हणतील त्यावर आहे." नाना खूश झाले. "बरोबर. लोक काय म्हनतस ते मडकाले इचार."

हे त्यांचं पालुपद होतं. नानांची सारी हयात बाजारात धान्य मापण्यात गेली होती. हात वर करून दिलेल्या मतावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "माणूस शेजारना हात पाहीसन हात वर करस," असं ते म्हणत. मडक्यात गेलेला हात मात्र एकटा असतो, हा त्यांचा सिद्धान्त होता.

संध्याकाळी ते गोणपाटावर दाणे ओतून मोजत. मापारी मोजताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. त्यामुळे "मुलींना इंग्रजी शिकवावं का" या प्रश्नावर पडलेला पहिला उडीदसुद्धा त्यांनी "लाभ" म्हणूनच बाजूला काढला. लोकही बिलंदर होते. एक म्हातारी उरलेला दाणा घरी न्यायला मिळतो म्हणून तीनदा येऊन गेली. कोणीतरी भुईमुगाचा दाणा टाकला, तर नानांनी तो फेकला नाही. त्याला वेगळी वाटी दिली आणि म्हणाले, "हाऊ इचार करी राहिना." कापसाच्या जिनमधला गोरा इंजिनिअर एकदा सहज तिथे आला. हे काय आहे असं त्याने विचारल्यावर बरोबरच्या कारकुनाने घाबरून "नवस" म्हणून सांगितलं. साहेबाने टोपी काढली आणि दोन्ही दाणे आत टाकले. त्या दिवशीचा प्रश्न होता, साहेबांनी देश सोडून जावं का.

पण नानांची खरी फजिती झाली ती गोऱ्यांच्या डब्यावरून. आगगाडीत गोऱ्यांसाठी वेगळा डबा असावा का, हा प्रश्न त्यांनी मांडला आणि आमचे एक वकीलसाहेब खवळून उठले. "नाना, होकार पांढरा आणि नकार काळा, ही गोऱ्यांची खुशामत आहे. आपण काळे लोक म्हणजे काय नुसते नकार?" नानांना ते पटलं. त्यांनी रॉकेलचा डबा बडवून बाजारभर पुकारलं की आजपासून उडीद म्हणजे होय. बाजाराने ते ऐकलं आणि तीन वर्षांच्या सवयीने नको म्हणायला उडीदच टाकला. मडकं उपडं केलं तर काळंभोर. म्हणजे नव्या नियमाप्रमाणे उभ्या दोंडाईच्याने गोऱ्यांना वेगळा डबा आनंदाने देऊन टाकला होता.

मी म्हटलं, "नाना, चूक झाली. पुन्हा मत घ्या." नाना म्हणाले, "मापं ते मापं. गिऱ्हाईक रडनं म्हनीसन मापारी पुन्हा मापस नही." त्यांनी निकाल रजिस्टर टपालाने रेल्वेच्या कुठल्याशा वरच्या कचेरीला पाठवला. आजवर पाठवलेल्या एकाही निकालाला कोणी उत्तर दिलं नव्हतं. या निकालाचं उत्तर मात्र पंधरा दिवसांत आलं, आणि त्यात आभार मानले होते. नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उडीद पुन्हा 'नको'च्या जागी गेला.

लोक हसत. मीही हसे. फक्त एक गोष्ट मला नवलाची वाटे. नाना स्वतः कधी दाणा टाकत नसत. विचारलं तर म्हणत, "मापारीनं आपला दाना टाकू नही." मला वाटतं, त्या माणसाला स्वतःच्या मताचीच भीती वाटत होती.

नानांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी साक्रीकडे दिलेली होती. त्यांच्याकडे रोज येणारा माणूस एकच, सखाराम. तो महारवाड्यात राहायचा आणि बाजारात पोती शिवायचा. तीस वर्षं नाना माप ओतत आले आणि सखाराम पोत्याचं तोंड धरत आला. संध्याकाळी तो नानांच्या अंगणात पायरीपासून चार हात लांब बसे, आणि दोघं फारसं न बोलता बिडी ओढत.

एके दिवशी नाना भिंतीशी आले ते पडेल चेहऱ्याने. सखारामचा मुलगा भुसावळला रेल्वेत लागला होता आणि बापाला कायमचा घेऊन जाणार होता. नाना म्हणाले, "तीस वरीस त्याना ओंजयमा वरथीन पानी टाकेल शे मी. जावाना पह्यले एकदाव तरी एकमेकना जोडे बसीसन जेवाले पाहिजे."

"मग बोलवा की. त्यात लोकांना काय विचारायचं?"

"भाऊबंद वाळीत टाकतीन ना, बाबू. लोकेसनी आधी हो म्हनं, म्हंजे मंग त्यासले बोलता येवाव नही."

त्या आठवड्याचा प्रश्न होता, सगळ्या जातींनी एका पंगतीत जेवावं का. बाजारात अशी काही सामसूम झाली की गूळवाल्याने तराजू खाली ठेवला. पण हात मडक्यात जात राहिले. सखारामही रांगेत आला. त्याचा हात आधी गेला तर मडकं बाटेल म्हणून काहींनी कुरकुर केली, म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी ठेवलं. मत कशावर चाललंय ते पाहता ही मोठी गंमत होती, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

संध्याकाळी गोणपाटावर ज्वारीचा ढीग पडला. उडीद मोजून सात. नानांना हर्ष मावेना. त्यांनी त्याच रात्री गल्ली आणि बाजार मिळून सगळ्यांना गुरुवारच्या पंगतीचं आवतण दिलं.

गुरुवारी सकाळपासून त्यांनी अंगणात कपाशीच्या काड्यांवर टोपलीभर वांगी भाजली. भरताचा वास स्टेशनापर्यंत येत होता. आणि दुपारपासून निरोप यायला लागले. वकीलसाहेब देशकार्यासाठी अचानक धुळ्याला गेले. हेडमास्तरांना उपास निघाला. एकादशीला अजून चार दिवस होते, पण मास्तरांनी ती आगाऊ धरली. एका अडत्याने पंगतीला सुयश चिंतून आणखी एक टोपली वांगी पाठवली. मी कळवलं की मला ड्यूटी लागली.

मला ड्यूटी नव्हती. मी ज्वारी टाकली होती, अगदी मनापासून टाकली होती. पण घरमालक नानांचा चुलतभाऊ होता आणि खोली दुसरी मिळत नव्हती. दिवेलागणीला मी माझ्याच अंगणात भिंतीआड दबून बसलो. खोकला आला तोही गिळला.

नानांनी वीस पाटांची पंगत मांडली होती. सखाराम आला. त्याने रिकामे पाट पाहिले आणि तो नेहमीच्या जागी, पायरीपासून चार हातांवर बसला.

नाना म्हणाले, "बठ्ठासनी ज्वारी टाकेल व्हती, सखाराम. सातच उडीद व्हतात."

"त्यामा एक मना व्हता, नाना."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. नानांनाही तसंच वाटलं असावं. "तुना? तू कसाले नको म्हनं?"

"मी तं सकायनी गाडीवर चालनू," सखाराम म्हणाला. "तुमले आठेच ऱ्हानं शे. वाळीत टाकं तं मंग तुमनाकडे कोन ई?"

नानांनी दोन ताटं वाढली. एक उचलून सखारामपुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन पायरी उतरले. पाट वगैरे काही न घेता त्याच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले.

"तसंबी कोन येस मनाकडे?" ते म्हणाले. "तूच एक येस. आते तूबी चालना."

सखारामने डोळे पुसले आणि भाकरी मोडली. मग नानांनी भिंतीकडे न बघताच हाक मारली, "बाबू, ड्यूटी व्हयनी व्हई तं ये. भरीत गार व्हई राहिनं."

मी उठलो. दाराने जायचं तर गल्लीतून चार पावलं चालावं लागणार होतं, आणि गल्ली सारी ओट्यांवर बसली होती. मी भिंतीवरून उडी मारून गेलो आणि त्या दोघांशेजारी बसून जेवलो. भरीत फार चांगलं झालं होतं. पण मी दाराने गेलो नाही, याची लाज मला अजून वाटते.