खुद्द रुखमाबाईंच्याच हाती

"आता पाह्यजा! यंदाच्या बाटलीले माशीबी शिवनार नाही!" गुलाबराव चारचौघांत छाती ठोकून म्हणाले.

त्यांचंही खरं होतं. मागच्या हिवाळ्यात आत्याचं, म्हणजे रुखमाबाईचं, दम्याचं औषध मुंबईहून साध्या पार्सलानं आलं. पोस्टमननं ते चहाच्या हॉटेलात ठेवलं आणि गावात ज्याच्या ज्याच्या घशात खवखव होती, त्यानं त्यानं घोट घोट चाखून पाहिलं. घरी पोचलं ते फक्त बूच! आत्यानं तो हिवाळा भिंतीला टेकून काढला. दोनदा डोळे पांढरे केले. यंदा छातीचा भाता पुन्हा सुरू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "औषध लवकर येणार असेल तर मागवा. उशिरा येणार असेल तर मागवूच नका."

म्हणून गुलाबरावांनी कंपनीला ठणकावून लिहिलं, "पार्सल खुद्द रुखमाबाईंच्याच हाती द्यावे. इतर कोणास, मी गुलाबराव स्वतः गेलो तरी मलासुद्धा, देऊ नये."

कंपनी भलतीच इमानदार! तिनं ते वाक्य लाल शाईनं पार्सलावरच उतरवलं.

तीन कोसांवरच्या पोस्टात नारायणराव पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून ते वाचलं.

"गुलाबराव तुम्हीच का?"

"हाव, मीच!"

"मग अवघड आहे. दुसरा कोणी असता तर विचार केला असता."

"अहो मास्तर, आत्याचा जीव जाऊन राह्यला तिकडं!"

"तो जायच्या आत त्यांना इथं आणा. आज मुदत संपते. चारच्या बुलढाणा गाडीनं पार्सल परत!"

गुलाबराव धावत घरी आले. बैलगाडीचे हिसके आत्याला सोसणारे नव्हते. बाज काढली, चार खांदे जमवले. वाटेचा धुरळा छातीत जाऊ नये म्हणून आत्यावर डोक्यापासून पायांपर्यंत पांढरं धोतर पांघरलं. तिला तहान लागेल म्हणून पाण्याचं मडकं घेऊन गुलाबराव स्वतः पुढं निघाले. महिनाभर डोळ्याला डोळा न लागलेली आत्या बाजेच्या झोक्यानं गपकन झोपली.

आता चार खांदे, वर पांढरं धोतर, पुढं मडकं! बघणाऱ्यानं काय समजावं? रानातली माणसं टोप्या काढून मागं चालू लागली. एकानं हळूच विचारलं, "कोन हो?"

"रुखमाबाई," खांदेकरी धापा टाकत म्हणाला.

अशा वेळी आपल्याकडं दुसरा प्रश्न विचारत नाहीत. गुलाबरावांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. आत्याच्या औषधासाठी केवढं गाव लोटलं!

आत्याचा चुलतभाऊ कडूबा मात्र सायकलीवर होता. तो रडत रडत पुढं गेला आणि पोस्टातून बीबी गावी आत्याच्या लेकीला तार ठोकली, "रुखमाबाई वारल्या. ताबडतोब या." मास्तर नियमाचे पक्के! त्यांनी पार्सल उचललं, वर 'मयत' लिहिलं, थैलीत टाकून लाख लावली. थैली गाडीत, गाडी धुरळ्यात!

त्याच धुरळ्यात बाज पोस्टापुढं टेकली. धोतराखालून ढास लागली आणि आत्या ताडकन उठून बसली! पन्नास माणसं लाह्यांसारखी उधळली.

"काऊन पळता बे? पोस्ट आलं ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "बाई, थोडा उशीर झाला. पाव तासापूर्वी तुम्ही वारलात."

"अन् मी बसून हावो ते?"

"ते दिसतंय हो. पण लाख लागली."

गुलाबरावांनी त्याच दिवशी कंपनीला दुसरं पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. साधं कार्ड! ना सही, ना अंगठा. पोस्टमननं सरळ गुलाबरावांच्याच हातात दिलं. आत्या भिंतीला टेकून श्वास ओढत होती. ती म्हणाली, "वाच ना बे."

गुलाबरावांनी खाली मान घालून वाचलं, "मयत व्यक्तीच्या नावे औषध पाठवता येत नाही, क्षमस्व. कै. रुखमाबाईंच्या निधनाने आम्हांस अतीव दुःख झाले. आमचे औषध वेळेवर घेतले असते तर हा प्रसंग आला नसता."

आत्यानं दोन श्वास गोळा केले.

"चांगलं लिवलं बाप्पा. ते कार्ड जपून ठेव. येळेवर दुसरं येईल याचा काय भरवसा!"