दुसरं टोक धर

पाध्येकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, कडांकडे बघतात. फ्रिजवरचा स्टिकर, मुलांच्या खोलीच्या दारावरचं नाव, गाडीच्या काचेवरचा गणपती, जे काही चिकटवलेलं दिसेल त्याच्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरणार. कड जराशी उचललेली असली की शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पट्टी बाहेर येते. मग यजमान 'या, बसा' म्हणत असतात आणि पाहुणे भिंतीकडे तोंड करून उभे असतात. एरवीही बसणं त्यांना जमत नाही. आमच्या सोफ्याला त्यांनी कधी पाठ टेकलेली मला आठवत नाही.

एकदा आम्ही शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमधल्या एका मोठ्या दुकानात दूध आणायला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर काका गायब. शोधल्यावर एका पिकअप ट्रकच्या मागे उकिडवे बसलेले सापडले. निवडणुकीचे दिवस होते आणि त्या ट्रकच्या बंपरवर एका उमेदवाराचा स्टिकर होता. हा उमेदवार काकांना इतका नावडता, की तो दिसला की ते चॅनल बदलत नसत, टीव्हीच बंद करत. आणि आता त्याच्याच नावाचा कोपरा जिवाच्या आकांतानं दाबून बसवत होते. तेवढ्यात ट्रकचा मालक आला. दारात मावणार नाही असा माणूस.

"व्हॉट आर यू डूइंग टू माय ट्रक?"

काका मान वर न करता म्हणाले, "कॉर्नर इज लिफ्टिंग, सर. यू डिड नॉट क्लीन विथ अल्कोहोल."

थोड्या वेळानं तो धिप्पाड माणूसही शेजारी उकिडवा बसून कोपरा दाबायला शिकत होता. निघताना त्यानं आपल्या प्लंबिंगच्या धंद्याचं नाव ट्रकच्या दोन्ही दारांवर लावायचं काम काकांना देऊन टाकलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्ही त्या उमेदवाराचा प्रचार केलात."

"मत वेगळं, कड वेगळी," काका म्हणाले आणि माझ्या गाडीवरच्या पार्किंगच्या स्टिकरकडे संशयानं बघू लागले.

सोमवार ते शुक्रवार पाध्येकाका एका कारखान्यात इंजिनिअर. उरलेला सगळा जीव गॅरेजमधल्या विनाइल कटरमध्ये. संगणकावर काढलेली अक्षरं चिकट रंगीत विनाइलवर कापून देणारं हे यंत्र. त्यासाठी काकांची गाडी शिकागोच्या बर्फात बाहेर उभी असते आणि यंत्र आत उबेत. दुकानांच्या काचा, डबेवाल्या बायकांच्या व्हॅन, देवळातली 'चपला इथे ठेवा' ही पाटी, सगळं या गॅरेजमधून जातं. कुणी नवशिक्यानं स्वतःचं यंत्र घेतलं की काका बोलावण्याची वाट न बघता त्याच्या घरी जातात. "ब्लेड केवढं बाहेर ठेवलंयस? दाखव. अरे, विनाइल कापायचंय, टेबल नाही! खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे. आणि आधी एक छोटा चौकोन कापून बघ. रोज बघ. कालचं ब्लेड आज तेच नसतं." हे बोलताना ते त्या माणसाच्या स्वयंपाकघरातली एखादी कड दाबत असतात.

त्यांचीही एकदा चांगली फजिती झाली होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी त्यांनी देवनागरीत बॅनर केला. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, त्यामुळे तोवर कधी अडचण आली नव्हती. आपली अक्षरं मात्र वरच्या रेघेनं एकमेकांना चिकटलेली. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी आणि शेजारच्या रेघेवर जराशी चढलेली, म्हणून यंत्र बिचारं प्रत्येक जोडावर एक चीर पाडत गेलं. मखरासमोर बॅनर उलगडला, अक्षरं जागेवर धरून ठेवणारी वरची टेप काढली, तर जोडांवरचे तुकडे टेपबरोबर निघून आले आणि 'गणेशोत्सव' हा शब्द दात पडल्यासारखा दिसायला लागला. आरती सुरू झाली तरी काका शिडीवर चढून बोटानं तुकडे बसवत होते. खालून कुणीतरी त्यांच्यापुढे आरतीचं ताट धरलं, तर त्यांनी त्यात दोन तुकडे ठेवले.

तेव्हापासून "आधी जोडा, मग कापा" हा त्यांचा मंत्र झाला. आधी संगणकावर सगळी अक्षरं जोडून त्यांची एकच आकृती करायची आणि मगच यंत्राला सांगायचं. हे ते इंग्रजीशिवाय काही न छापणाऱ्या लोकांनाही बजावतात.

त्या दिवशी शिडी धरून उभ्या होत्या मीनाकाकू. काकांची प्रत्येक गोष्ट कुणीतरी धरावी लागायची आणि ती काकू धरायच्या. काचेवर लांबलचक नाव लावायचं तर एकजण डावीकडून पट्टीनं दाबत येणार आणि दुसऱ्यानं उजवं टोक काचेपासून लांब धरायचं. ते चुकून तिरकं टेकलं तर सगळं वाया. काकू एका हातानं टोक धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर नागपूरच्या बहिणीशी बोलायच्या आणि टोक केसभरही हलायचं नाही. थंडीत विनाइल चिकटत नाही, म्हणून काचा गरम करायला त्यांचाच गुलाबी हेअर ड्रायर. "माझे केस ओले राहिले तरी चालतील, यांची काच कोरडी हवी," त्या म्हणायच्या.

एका हिवाळ्यात काकू आजारी पडल्या आणि थंडी संपायच्या आत गेल्या. मुलगा लंडनहून आला, दिवस झाले, तो परत गेला. त्या आठवड्यात मला काकांचा फोन आला.

"मंदार, शनिवारी मोकळा आहेस? दुसरं टोक धरायला माणूस हवाय."

"एकट्यानं होत नाही का?"

"छे! एकट्यानं लावलं की बुडबुडा आलाच."

तेव्हापासून माझा शनिवार काकांचा झाला. टोक धरायचं, ओरडा खायचा, ड्रायर सांभाळायचा. काम झालं की त्यांच्या गॅरेजमध्ये थर्मासातला चहा. मी उलट्या बादलीवर बसायचो, काका उभ्यानं प्यायचे आणि कपभर चहा संपेपर्यंत गॅरेजच्या चार फेऱ्या मारायचे. बोलायचे मात्र सगळं. कारखान्यातला साहेब, मुलाचा फोन, भाजीत मीठ किती घालायचं. काकूंचं नाव तेवढं घ्यायचे नाहीत. ड्रायर मात्र वायर नीट गुंडाळून स्वतःच्या हातानं ठेवायचे.

अशात माझ्या कंपनीनं मला अल्फारेटाला जायला सांगितलं. पार दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात. घर विकायला काढलं, माझ्या बायकोनं, शुभानं, खोकी आणली, आणि मला एकाच गोष्टीनं घेरलं. शनिवारी काकांचं दुसरं टोक कोण धरणार? आणि हे त्यांना सांगायचं कसं?

"काका, जरा बोलायचं होतं," मी सुरुवात करायचो.

"बोल, पण हात हलवू नकोस."

हात न हलवता असलं काही बोलता येत नाही. घरी आलो की शुभा विचारायची, "सांगितलंस?"

"ते ब्लेड बदलत होते."

पुढच्या शनिवारी पुन्हा. "आज तरी?"

"आज काच पुसायचं साबणाचं पाणी सांडलं."

"मंदार, आपण गेल्यावर पोस्टातल्या फॉरवर्डिंग ॲड्रेसवरून कळू देणार आहेस का त्यांना?"

शेवटी एका शनिवारी काकांचाच फोन आला. "अकरा वाजता ये. उशीर करू नकोस, आधीही येऊ नकोस." आज काही झालं तरी सांगायचंच, असं ठरवून मी निघालो. रस्ताभर वाक्य घोकत होतो.

गॅरेजचं दार उघडं होतं. आत एक भलीमोठी काच उभी केलेली आणि तिच्यासमोर काका एकटेच. एका दुकानाचं लांबलचक नाव त्यांनी मागच्या कागदासकट काचेवर टेकवलं होतं आणि बरोबर मध्यावर वरून खाली मास्किंग टेपची उभी पट्टी मारून ठेवली होती. त्यांनी अर्धा भाग त्या पट्टीवर पुस्तकाच्या पानासारखा उलटला, मागचा कागद काढून कापला, आणि मधून बाहेर दाबत दाबत बसवला. मग पट्टी काढून दुसरा अर्धा भाग. शेवटी वरची टेप मागे दुमडून सावकाश ओढून काढली. एक बुडबुडा नाही. दुसऱ्या टोकाला कुणी नाही. त्याची गरजच नव्हती.

"बघितलंस नीट?" काका म्हणाले. "याला बिजागरी म्हणतात. एकट्या माणसाची पद्धत."

"काका, हे कधी शिकलात?"

"मीना गेली त्याच आठवड्यात." काकू गेल्यापासून त्यांचं नाव काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग एवढे दिवस मला टोक धरायला का लावलंत?"

काकांनी अंगठा कडेवरून फिरवला. तिथं दाबण्यासारखं काहीच नव्हतं.

"तू येत होतास. मग सांगू कशाला?"

घोकलेलं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं.

"शुभा भेटली होती किराणाच्या दुकानात," ते म्हणाले. "तुला सांगायला जमत नाही म्हणाली. म्हटलं, एकदा दाखवून टाकू. माझं अडत नाही. तू निर्धास्त जा."

मग त्यांनी थर्मास उघडला, दोन कप भरले, आणि एक बादली उलटी करून माझ्यासमोर ठेवली. दुसरी बादली शोधून स्वतःसाठी ठेवली. आणि पाध्येकाका बसले. चहा संपेपर्यंत उठले नाहीत. मला ते बघवेना.

निघताना त्यांनी कागदाची एक गुंडाळी हातात दिली. आमचं आडनाव, देवनागरीत, नव्या घराच्या दारासाठी. रेघ सलग. "जॉर्जिया गरम आहे, ड्रायर लागणार नाही. पण भर उन्हात लावू नकोस."

अल्फारेटाला आल्यावर पहिल्या रविवारी सकाळी ते नाव लावायला घेतलं. मास्किंग टेप हातात होती, बिजागरी डोळ्यांसमोर होती. काम एकट्याचं होतं. मी टेप खिशात ठेवली आणि आत हाक मारली, "शुभा, जरा बाहेर ये गं. दुसरं टोक धर."

नाव लागलं. मी शॉमबर्गला फोन लावला.

"कड उचलली का?" काकांनी विचारलं.

कड कुठंच उचललेली नव्हती.

"हो काका," मी म्हटलं. "चांगलीच उचललीय. तुम्ही येऊन बघितल्याशिवाय काही खरं नाही."

पलीकडून ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "पट्टी घेऊन येतो."