पाण्याला विचारणारा केरूनाना

केरूनाना नाव सोडायच्या आधी पाण्याला विचारायचा. नुसते हात जोडून नव्हे. गुडघाभर पाण्यात उतरायचा, कंबरेत वाकायचा आणि दारात उभ्या असलेल्या शेजारणीशी बोलावं तसं बोलायचा. "बायांनो, सात माणसं हायत, दोन शेळ्या हायत. एक म्हातारी लई बोलती, पर मनानं वाईट न्हाई. नेऊ का?" मग कान पाण्याजवळ न्यायचा. आम्ही सगळे नावेत गप्प. कधी कधी तो वर बघून म्हणायचा, "न्हाई म्हणत्यात," आणि वल्हं खांद्यावर टाकून सरळ घरी चालू लागायचा. बाजाराला निघालेली माणसं त्याला शिव्या देत काठावर बसून राहायची.

त्या बाया म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांना भीत नाही असं घर आमच्याकडं तेव्हा नव्हतं. पूर्वी वेळवंडी नदीच्या एका डोहात त्यांचं ठाणं होतं. भाटघरचं धरण झालं आणि पाणी गावाच्या गळ्यापर्यंत आलं. शेतं बुडाली, जुनी वाट बुडाली, डोह कुठं होता हेही कळेनासं झालं. केरूनाना म्हणायचा, "आदी त्येंची एक खोली व्हती. सरकारनं वाडा बांधून दिला. आता सगळीकडं त्याच हायत."

मी लग्न होऊन आले तेव्हा नाना पन्नाशीचा असेल. बारीक, काळा, डोळे कायम पाण्याकडं. बोलताना माणसाकडं बघायचाच नाही. पलीकडं भोरचा रस्ता, अलीकडं आम्ही आणि वर पासलीपर्यंतच्या वाड्या. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे शेंडे कुठं कुठं आहेत ते एकट्या नानाला पाठ. दुसऱ्यानं पावसाळ्यात नाव घातली तर फाटायचीच.

त्यामुळं त्याचे नियम चालायचे. चामडं नावेत नाही. सुतकातला माणूस नाही. शिंकलेला माणूस पुढच्या खेपेला. बांगड्या विकणारा कासार मात्र सगळ्यांच्या आधी, कारण आसरांना हिरव्या बांगड्या आवडतात. आणि दोन जिवांची बाई काही झालं तरी नाही. आसरांना लेकरू नसतं, त्या पोटुशीवर टपून असतात, असं तो म्हणायचा. महारवाड्यातल्या माणसांना न्यायचा, पण शेवटच्या खेपेला आणि टोकाला बसवून. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. मीही नाही.

तक्रार गेली ती जोड्यांची. कुणा बड्या घरच्या पाहुण्याला जोडे काढायला लावले म्हणून मामलेदार स्वतः आले. तेही जोड्यांसकट नावेत बसले.

"सायेब, जोडे काठाव."

"हे बघ, नावेचा ठेका भोर संस्थानचा आहे. तुला कुणाला नाही म्हणता येणार नाही."

"व्हय सायेब. ठेका संस्थानचा. पर पानी आसरांचं. तुमी त्येंच्याकडनं चिट्टी आना, म्या नेतो."

"तुझा ठेका काढून घेईन."

नाना खाली उतरला आणि त्यानं दोन्ही हातांनी वल्हं मामलेदारांच्या पुढं धरलं. थट्टेनं नव्हे, देवापुढं ठेवावं तसं. मामलेदारांनी पाण्याकडं बघितलं. आषाढाचं पाणी, गढूळ, मधेच एक भोवरा. थोड्या वेळानं त्यांनी गुपचूप जोडे काढले आणि पलीकडच्या गावाची पाहणी चिखलातून अनवाणी केली. तक्रार तिथंच मिटली. आम्ही बायका पदर तोंडात घालून हसलो.

मी जास्तच हसले. माहेरी चार यत्ता शिकले होते, आसरा-बिसरा मानत नाही असं मला वाटायचं.

पुढच्या श्रावणात मला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. एक रात्र गेली, सकाळ झाली. सुईणीनं पोट चाचपलं आणि हात काढून घेतला. सासूबाईंना म्हणाली, "मूल आडवं हाय, वैनी. ह्ये माज्या हातचं न्हाई. भोरच्या दवाखान्यात न्या. न्हाईतर दोगंबी जात्याल." माझ्यासमोरच म्हणाली. तेव्हा बाईपासून लपवायची पद्धत नव्हती.

झोळीत घालून मला काठावर आणलं. नानानं झोळी बघितली आणि तो मागं सरकला. पाण्याला विचारलंसुद्धा नाही.

"न्हाई."

सासूबाई गरजल्या, "केरबा, तुजी जीभ झडंल! सून मरतीया माजी."

"म्हनून तर न्हाई. हितं मेली तर दोन जीव जात्याल. नावेत बसली तर समदी."

आमच्या मालकांनी कोयता उपसला. "नाव सोड, न्हाईतर कापतो."

"काप बाबा. मेलेल्या मानसाला वल्हं मारता येत असंल तर काप."

कुणीतरी हसलं. मला आठवतं, कारण मला त्या हसण्याचा राग आला होता. मग कळ आली आणि मी ओरडले. असं ओरडणं माझ्या घशातून येईल हे मलाच ठाऊक नव्हतं. मी पाण्याकडं बघितलं. ते काठाला चाटत होतं, थांबत होतं, पुन्हा चाटत होतं. चार यत्ता कुठं गेल्या कोण जाणे. माझी खात्री पटली की खाली कुणीतरी आहे आणि त्यांनी मला ऐकलं आहे.

 नाना एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा पाण्याकडं. मग पाण्याकडं पाठ करून खाली बसला आणि सासूबाईंच्या कानाशी अगदी हळू म्हणाला, "मानूस म्हनून न्यायचो न्हाई. माल म्हनून नेतो. घोंगडी आना. तांदळाची पोती आना."

मला नावेच्या तळाशी आडवी केली. दोन्ही अंगाला पोती, वरून घोंगडी, घोंगडीवर मूठभर तांदूळ पसरलेला. घोंगडीखाली तोंड घालून नाना पुटपुटला, "पोरी, आवाज काढू नगंस. त्यास्नी कळलं की संपलं." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मालक एका टोकाला. सासूबाईंना त्यानं घेतलंच नाही. त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

मग तो पाण्यात उतरला. घोंगडीखालून मला त्याचा आवाज येत होता. मोठ्ठा, खोटा, बाजारात माल विकणाऱ्यासारखा. "बायांनो, आज मानसं न्हाईत! तांदूळ हाय, आंबेमोहोर! पासलीचा! भोरला चाललाय. नेऊ का?"

पुढं तो थांबला नाही. कान लावला नाही. उत्तराची वाट न बघता त्यानं नाव ढकलली. नाव हालली तेव्हा मला समजलं की पहिल्यांदाच तो उत्तर न ऐकता निघालाय.

अंधार, घोंगडीचा वास, पाठीखाली एका फळीच्या जाडीवर पाणी. झाडाचा एक शेंडा तळाला खरवडत गेला. मला तो नखांचा आवाज वाटला. कळ आली. मी बोळा चावला, तरी घशातून हुंकार निघालाच. त्यासरशी नाना वरून त्याहून मोठ्यानं कण्हायला लागला. "आयाई गं! पोट दुकतंय माजं! काल शिळी भाकर खाल्ली, बायांनो! माजंच पोट दुकतंय!" पुन्हा कळ आली, पुन्हा हा कण्हला. मी जितकी दाबून रडले तितका तो उघड रडला. मालक नंतर सांगायचे, त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी गळत होतं आणि तोंड राखेसारखं झालं होतं. एकदा मधेच तो किंचाळला, "तांदूळच हाय गं आयांनो, तांदूळच!" तेव्हा नाव गर्रकन फिरली होती. त्यानं ती कशी सरळ केली हे मालकांना कधी सांगता आलं नाही.

पलीकडं बैलगाडी मिळाली. दवाखान्यातल्या नर्सबाईनं मूल फिरवलं. मुलगी झाली. आम्ही दोघी जगलो.

दीड महिन्यानं मी परत आले तर नावेवर नानाचा पुतण्या. चाचपडत, शेंडे चुकवत नाव घालत होता. नाना काठावर बसून त्याला ओरडून वाट सांगत होता, "डावीकडं! आंबा हाय तिथं!" मी विचारलं, "काका का नाही येत नावेत?"

पुतण्या म्हणाला, "काका म्हन्तो, देवींशी खोटं बोललो. आता म्या नावेत असलो की त्या सगळी नाव घेत्याल. दुसऱ्या दिसापासनं पाय न्हाई ठिवला."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तो पुन्हा कधीच नावेत बसला नाही. त्याची थोरली बहीण पलीकडच्या काठाला राहायची; तिच्या घरातला धूर आमच्या काठावरून दिसायचा. नाना तिच्याकडं भाऊबीजेला चालत जायचा, पाण्याला अख्खा वळसा घालून. जायला एक दिवस, यायला एक दिवस.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या दिवाळीत तो मला त्या वाटेवर भेटला. मी मुलीला घेऊन माहेराहून येत होते, तो बहिणीकडं निघाला होता. पायांना फोड आले होते त्याच्या. मला कधी नव्हे ती लाज वाटली. मी म्हटलं, "नाना, माझ्यामुळं हे सगळं. त्या दिवशी मला नावेत घेतलंत..."

तो एकदम पाण्याकडं बघून दचकला. वाट पाण्याला लागूनच होती.

"हळू बोल की," तो म्हणाला. "तू कुठं व्हतीस? तांदूळ व्हता."

मी आसरा मानत नाही. तेव्हाही त्याला तसं सांगणार होते. तेवढ्यात त्यानं माझ्या मुलीचा हात धरून तिला डोंगराच्या अंगाला घेतलं, स्वतः पाण्याच्या अंगाला झाला, आणि वाट डोंगरात वळेपर्यंत तसाच आमच्यासोबत आल्या वाटेनं परत चालत आला.