लाल झाकण, निळं झाकण

अमेरिकेतल्या कॉम्प्टनमधल्या त्या कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या पाटीवर स्पॅनिशमध्ये नुसतं 'विहिणी' एवढंच लिहिलेलं आहे. कृष्णवर्णीय व्हर्निस टॉलिव्हरची मुलगी मेक्सिकन चायोबाईंच्या एफ्रेनला दिली, तेव्हा लग्नाचं जेवण दोघींनी एकाच स्वयंपाकघरात रांधलं. आता भांडी वाजणार म्हणून पाहुणे कान टवकारून बसले होते. वाजली ती तोंडं, आणि तीही चवीनं. पुढच्या वर्षी खाणावळ उघडली.

दोघींच्या हाताला खरोखर तोड नव्हती. व्हर्निसची तळलेली कोंबडी चायोच्या लाल मिरचीच्या रश्शात बुडवून जो एकदा खाई, तो दुसऱ्या दिवशी सासऱ्याला घेऊन येई. कॉलर्डच्या पाल्याची भाजी मक्याच्या भाकरीत गुंडाळून खायची कल्पना नेमकी कुणाची, यावर दोघींचं अजून एकमत नाही. ती आपलीच, असं दोघीही सांगतात.

फक्त एका माणसाचं ताट तिथे वाढलं जात नव्हतं. मदर आयडेला साइक्स. मूळची मिसिसिपीच्या डेल्टातली, आणि व्हर्निसच्या चर्चमधली सगळ्यात वडीलधारी बाई, म्हणून सगळ्यांची 'मदर'. खाणावळ उघडली त्याच आठवड्यात ती आली, तमालेचा, म्हणजे मांस भरून कणसाच्या पानात वाफवलेल्या मक्याच्या उंड्याचा, एक घास घेतला, नॅपकिनची घडी घातली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. चर्चच्या बायकांनी त्या घडीचा अर्थ लावला तो असा, की व्हर्निसने आईची चूल बाटवली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण रविवारी चर्चचं जेवण सांगायची वेळ आली की सगळ्यांना दुसऱ्याच खाणावळी आठवत. व्हर्निसला हे फार लागलं होतं.

आणि आता मदर आयडेला आपल्या नव्वदाव्या वाढदिवसाला तिथेच जेवणार होती. निरोप आला होता, 'कॉलर्डची भाजी आणि कॉर्नब्रेड. बाकी काही नको.'

रविवारी दोघींची पाळी ठरलेली असे. चायो सकाळी कॅथलिक प्रार्थनेला जाई, तेव्हा चूल व्हर्निसकडे. ती आली की व्हर्निस बॅप्टिस्ट चर्चला. त्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे व्हर्निस नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. तिला कॉर्नब्रेड भट्टीत लावायचा होता आणि चायोच्या तमालेचं पीठ भिजवायचं होतं. पांढऱ्या झग्यावर डाग नको, म्हणून ती टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली आणि लांब दांड्याच्या डावाने काम उरकलं. चष्मा पर्समध्ये होता. लाल झाकणाच्या डब्यात तमालेचं मऊ पीठ, निळ्या झाकणाच्या डब्यात कॉर्नब्रेडसाठी मक्याचा रवा, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. आदल्या दिवशी एफ्रेनने झाकणं धुतली, हे मात्र ठाऊक नव्हतं.

चायो परत आली आणि तिने भट्टी उघडली.

"एफ्रेन, ही फरशी कुणी भाजायला ठेवलीये?"

"कॉर्नब्रेड आहे आई."

"याला ब्रेड म्हणतोस? यानं खिळा ठोकता येईल."

मग तिने तमालेच्या पिठात हात घातला. पीठ बोटांतून वाळूसारखं ओघळलं. तिने डबे पाहिले, झाकणं पाहिली, आणि शेवटी मुलाकडे पाहिलं.

"झाकणं कुणी लावली?"

"मीच... स्वच्छ केली होती."

"घरात एकदा म्हणून काम केलंस, तेही याच आठवड्यात."

व्हर्निसचा फोन चर्चमध्ये बंद. रव्याचा डबा खरवडून रिकामा. होता नव्हता तेवढा रवा तमालेच्या भांड्यात भिजून पडलेला. एफ्रेन दुकानाकडे पळायला निघाला तोच त्याच्या बायकोचा निरोप आला, 'पास्टरांचा घसा बसलाय. प्रवचन संपलं. निघालो.' वीस वर्षांत त्या पास्टरांनी दोनच्या आत कुणाला सोडलं नव्हतं.

चायोने पदर खोचावा तसा एप्रन आवळला आणि त्या भिजल्या रव्याचेच तमाले करायला घेतले. रवा कणसाच्या पानांना चिकटेना, म्हणून त्यात रस्सा ओतला. तो सैल झाला, म्हणून पानं घट्ट गुंडाळली. वाफेवर सुटणार हे दिसत होतं, म्हणून तीन-तीनच्या जुड्या करून दोऱ्याने करकचून बांधल्या. आणि वाफेची वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून त्या सरळ मांसाच्या तिखट रश्शात सोडल्या. प्रत्येक पायरीला ती आपल्या आईची माफी मागत होती.

मदर आयडेला जांभळी टोपी घालून आली, आणि तिच्या मागोमाग निम्मं चर्च. व्हर्निस हसतमुखाने स्वयंपाकघरात गेली आणि भट्टीत डोकावली.

"विहीणबाई, कॉर्नब्रेड कुठाय?"

"तुम्हीच केलात, तुम्हीच ओळखा."

"अहो, त्यांनी दोनच गोष्टी मागितल्यात."

"रवा पाहिजे ना त्यांना? घरातला सगळा रवा त्या पातेल्यात उकळतोय. भाजीशेजारी तो वाढा, नाहीतर माझ्या लेकाला वाढा."

शेवटी ताट गेलं. भाजी, आणि शेजारी दोऱ्याने बांधलेली जुडी. चर्चच्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. मदर आयडेलाने दोरा सोडला, एक घास घेतला आणि डोळे मिटले. व्हर्निसची नजर नॅपकिनवर खिळली होती.

"हे कुणी केलं?"

"माझी चूक झाली, मदर," व्हर्निस म्हणाली.

"माझी," चायो म्हणाली. चांगुलपणात मागे राहायची तिला सवय नव्हती.

"माझे वडील गिरणीबाहेर गाड्यावर तमाले विकायचे," म्हातारी म्हणाली. "रव्याचे. रश्शात उकळलेले. तीन-तीन, असेच बांधून. पहिल्या आठवड्यात मी आले होते ती याच्यासाठीच. तुम्ही दिलं ते भलतंच मऊ. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प निघून गेले."

"पण तमाले मुळात आमचे," चायोला राहवेना.

"असतीलच ना, पोरी. कापसाच्या शेतात तुझी माणसं आणि माझे आजोबा एकाच ओळीत वाकायचे. जेवणाच्या सुट्टीत डबे बदलून खायचे. या दोघींनी आज पहिल्यांदा चूल बाटवली असं वाटतं की काय तुम्हाला?" हा शेवटचा प्रश्न तिने मागच्या टेबलांकडे वळून विचारला. मग एकेक जण जुडी मागू लागला. व्हर्निसने चायोच्या एप्रनला डोळे पुसले, आणि झग्यावर पडायचा तो डाग पडलाच.

मदर आयडेला आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. चायोने तेव्हाच बजावलं होतं, "मी जाणूनबुजून चुकीचे तमाले करणार नाही. माझी आई थडग्यात कूस बदलेल."

म्हणून चायो आदल्या संध्याकाळी स्वतःच झाकणं धुऊन लावते, आणि सकाळी प्रार्थनेला जाताना विहिणीला सांगते, "लाल झाकणातलंच घ्या हं." व्हर्निस चष्मा पर्समध्ये टाकते आणि म्हणते, "लालच घेते."

एकदा एफ्रेनच्या लक्षात आलं आणि त्याने झाकणं नीट लावून ठेवली. त्या दिवशी दोघी विहिणी मिळून त्याला जे बोलल्या, त्यात एका शब्दाचंही दुमत नव्हतं.