सहाव्या प्रकरणातलं लोणचं

"अहो, मोहरी फेसून झाली, फोडणीही गार झाली. पुढं काय करायचं?" मालनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

प्रा. बद्रीनाथ तांबे खराडीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत रविवारची पुरवणी गुडघ्यावर पसरून बसले होते. पुरवणीत त्यांचं परीक्षण होतं. इतिहास, राजकारण, समाजकारण असल्या जाडजूड पुस्तकांवर ते बत्तीस वर्षं लिहीत होते, आणि पुण्यात त्यांची एकच ख्याती होती: तांबे सर पुस्तक अक्षरन् अक्षर वाचतात. बाकीचे मलपृष्ठ वाचून लिहितात, ही बातमीही तेच पुरवत. पेन्शन सोडली तर ही ख्याती एवढीच त्यांची इस्टेट होती.

"लोणच्याचं मला काय विचारतेस?"

"तुमच्याच पुस्तकातलं आहे. तुम्हीच म्हणालात ना, एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ पानं वाच, डोळे उघडतील. उघडले. दोन किलो कैऱ्या आणल्या."

पुस्तक होतं 'टोपलीचं राजकारण'. वाघोलीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक सोनबा गव्हाणे यांनी अकरा वर्षं खपून लिहिलेलं. आसपासच्या गावांतून मंडईत जाणाऱ्या भाजीचा आणि त्या भाजीवरून झालेल्या निवडणुकांचा इतिहास. त्यात सहावं प्रकरण ऐन रंगात असताना शेतकरी आणि व्यापारी एकत्र येतात, आणि पान उलटलं की 'दोन किलो कैऱ्या स्वच्छ पुसून घ्याव्यात.' तांबे सर क्षणभर चक्रावले होते. मग त्यांना साक्षात्कार झाला. 'मंडईतली कैरी शेवटी कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न आजवर एकाही इतिहासकाराला पडला नव्हता,' असं त्यांनी लिहिलं. 'ही सोळा पानं म्हणजे ग्रंथाचा कळस!' सकाळीच संपादकांनी फोन करून या कळसावर पानभर लेख मागितला होता, आणि सरांनी उदार मनाने हो म्हटलं होतं.

"अहो, इथे लिहिलंय, 'हे सारे मिश्रण बरणीत भरण्याआधी,' आणि पुढच्या पानावर, 'नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल जाहीर झाला.' बरणीचं काय?"

"ते लेखकाने मुद्दाम वाचकावर सोडलंय."

"लोणचं वाचकावर सोडून चालतं का? नासेल!" मालनबाई पुस्तक घेऊन गॅलरीत आल्या. "आणि या पानांच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'वर्षभराची साठवण' असं का छापलंय? बाकीच्या पानांवर तर 'टोपलीचं राजकारण' आहे."

तांबे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरन् अक्षर वाचणाऱ्या माणसाने पानाच्या डोक्यावरचं तेवढं वाचलं नव्हतं. छापखान्यात सोळा पानांचा एक गठ्ठा असतो, त्याला फॉर्मा म्हणतात. एका पुस्तकाचा फॉर्मा दुसऱ्यात शिवला गेला होता, आणि सरांनी त्याला कळस म्हटलं होतं. त्यांच्या पायाखालची फरशी सरकली.

तेवढ्यात फोन वाजला. "सर, गव्हाणे बोलतोय. रिक्षात हाय. समक्षच बोलतो."

"आता तो मला फाडून खाणार," सर म्हणाले.

"खाऊ दे," मालनबाई म्हणाल्या. "लोणचं आहेच सोबतीला."

गव्हाणे गुरुजी आले ते पिशवी घट्ट धरून. सरांनी आधीच हात जोडले. "गुरुजी, मला माफ करा. माझ्याकडून फार मोठी..."

"माफी कशापायी? पाया पडाया आलोय मी!" गुरुजींनी पिशवीतून कात्रणं काढली. "पुस्तक येऊन चार महिनं झालं. सहा परीक्षणं आली. एकानं तर सहाव्या प्रकरणातली आकडेवारी बिनतोड म्हटली. आज तुमचं वाचलं, तवा मी सगळ्या प्रती उघडल्या. समद्यांत लोणचं हाय, सर! चाळीस पाव्हण्यांना वाटल्या, एकानं तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं घातली म्या. छापखान्याला 'कळस' म्हणून टोमणा हाणलात, सर; वाचलं ते तुम्ही एकट्यानं."

त्यांचे डोळे भरून आले. सरांनाही भरून आलं, पण त्याहून जास्त ते मनातून ओशाळले. खरं सांगावं, तर बत्तीस वर्षांची इस्टेट जाणार. न सांगावं, तर या भल्या माणसाची फसवणूक.

"मग ती हरवलेली सोळा पानं कुठं असतील?" मालनबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता शेजारच्या इमारतीतल्या बायडाबाईंना फोन लावला. पाककृतींची पुस्तकं त्यांच्याकडे ढिगाने असत. "बायडाबाई, 'वर्षभराची साठवण' आहे का हो तुमच्याकडे? पान एकशे एकसष्टवर बरणीत भरण्याआधी काय करायचं ते सांगा."

फोन स्पीकरवर होता. पानं उलटल्याचा आवाज आला. "मीठ चाखायचं. पर मालनताई, माझ्या पुस्तकात त्याच्या आधी लोणचं न्हाईच. निवडणूक हाय! आमच्या भिशीतल्या समद्या बायकांच्या पुस्तकांत तीच. आन् मेल्यांनी ऐन मोक्याला तोडलीय. तो टोपलीवाला उभा ऱ्हायला, त्याचं पुढं काय झालं?"

गव्हाणे गुरुजी खुर्चीवरून उठले. "तुमी वाचलं? भिशीतल्या समद्यांनी?"

"दोनदा वाचलं. भांडणं झाली त्याच्यावरून. कोण बोलतंय?"

"लिवणारा बोलतोय," गुरुजी कसेबसे म्हणाले.

"बायडाबाई," तांबे सरांनी घसा खाकरला, "ती पानं तिथे मुद्दाम घातली असतील, असं नाही वाटलं तुम्हांला?"

"मुद्दाम? छापखान्याची चूक हाय, पहिल्याच ओळीत कळतंय की. त्याला काय प्रोफेसर लागतो व्हय?"

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. तांबे सर आधी लाल झाले, मग जे हसत सुटले ते थांबेचनात. हसता हसताच त्यांनी गुरुजींना सगळं खरं सांगून टाकलं; पण गुरुजींचं इकडे लक्षच नव्हतं. ते फोन कानाला लावून टोपलीवाल्याला मतं कशी पडली ते बायडाबाईंना सांगत होते.

सरांनी पुरवणीसाठी लेख लिहिला, चूक कबूल करून. संपादकांनी परीक्षणासाठी नवं पुस्तक पाठवलं, तेव्हा ते सरांनी स्वतः उघडलं नाही. वर नव्या लोणच्याची वाटी ठेवून आधी बायडाबाईंकडे नेऊन दिलं.