बारीक आवाजाची वाट

पुंडलीकबाब लग्नाला गेला की नवरा-नवरीकडे पाठ करून स्पीकरच्या मागे जाऊन उभा राहायचा. माझ्या चुलतभावाच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत असतानाच आवाज बंद पडला. सगळे वळून बघतात तर हा स्क्रू-ड्रायव्हरने खोक्याची पाठ उघडून बसलेला. "बारीक आवाज येना," एवढंच म्हणाला. माणसं अक्षता मुठीत धरून ताटकळली, नवरीचा मामा लालबुंद झाला आणि भटजींनी शेवटी उघड्या गळ्याने लग्न लावून टाकलं.

गोव्यातल्या पाळी गावात तो आमचा शेजारी. खाणीवर दगड फोडणारा क्रशर होता, त्याच्या शेजारी उभं राहण्यात त्याची सगळी नोकरी गेली. आमच्याकडे खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून धावायचे. तुळशीवर, वाळवणावर, ताटातल्या भातावर लाल धूळ. ट्रकांच्या आवाजात बायका नवऱ्याला चहाला तरी ओरडूनच बोलवायच्या. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटायचं, ह्या गावात घरोघर भांडण चाललंय.

पुंडलीकबाबच्या देव्हाऱ्याशेजारी कमरेएवढे दोन स्पीकर होते. पोर्तुगीज काळातले, जाड लाकडाचे, म्हापशाच्या एका बंद पडलेल्या दारूच्या दुकानातून उचलून आणलेले. त्यांच्या पोटात काय आहे हे मला न विचारता इतक्या वेळा सांगण्यात आलं की आता झोपेतही सांगेन. खाली मोठं तोंड जाड आवाजासाठी, वर लहान तोंड बारीक आवाजासाठी. मध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर नावाची डबी. ह्या जोडणीचं नाव क्रॉसओव्हर. ती जाड आवाजाला खालची वाट दाखवते, बारीक आवाजाला वरची. डबी जुनी होऊन सुकली की बारीक आवाज वर पोचत नाही.

जगातली प्रत्येक अडचण त्याला ह्या डबीशी नेऊन बांधता यायची. राजभाषेच्या वादाचे ते दिवस. तिठ्यावर मराठीवाले आणि कोंकणीवाले हमरीतुमरीवर आलेले, मी मास्तर माणूस, मराठीच्या बाजूने घसा फोडत होतो. पुंडलीकबाब विडी ओढत बाजूला उभा. "मास्तर, दोगांय एकाच तोंडांतल्यान वाजूंक सोदतात," तो म्हणाला, म्हणजे दोघांनाही एकाच तोंडातून वाजायचंय. "मदीं क्रॉसओव्हर ना." दोन्ही बाजू भांडण सोडून त्याच्यावर उखडल्या. त्या दिवशी तिठ्यावर एकमत झालं ते एवढंच.

पुढे गोवा राज्य झालं. त्याच वर्षी त्याची बायको गेली. सुमतीवहिनी. ताप आला आणि चार दिवसांत कारभार आटोपला. पोरबाळ नव्हतं. त्यानंतर त्याने त्या खोक्यांचा ध्यासच घेतला.

आधी कपॅसिटर बदलला. मग फोंड्याला जाऊन त्याहून मोठा आणला. शेवटी लहान तोंडाचा आवाज जरा आवरून धरणारा रेझिस्टन्सही काढून फेकला. आता ते खोकं असं किंचाळायचं की आमचा कुत्रा अंगण सोडून गेला तो परत आलाच नाही. माझी बायको भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायची. वाजायची एकच कॅसेट. त्याच्या कुवेतवाल्या मेव्हण्याने गणेशचवथीला घरातच भरलेली, बायकांच्या फुगडीची.

एका संध्याकाळी मी तणतणत गेलो. हा सोल्डरिंगची तापलेली सळई हातात घेऊन खोक्यासमोर बसला होता. मला बघून त्याला आनंदच झाला.

"बरो आयलो. बस. आयक." त्याने कॅसेट लावली. "काकणां वाजतात?"

"वाजतात म्हणजे? कान फोडतात रे."

"कोणाचीं?"

मी ऐकू लागलो. गाणं चढत होतं, पाय जमिनीवर आदळत होते, आणि त्यावरून सुमतीवहिनीच्या चुड्याची लखलखीत, जीवघेणी किणकिण चालली होती. ती फुगडी घालायला लागली की तिच्या हाताकडेच सगळ्यांचं लक्ष जायचं.

"वहिनीचीं," मी म्हणालो.

"माका फकत पांय आयकूंक येतात," तो म्हणाला. "डबी बदल्ली, रेझिस्टन्स काडलो. तरी काकणां येनात. आनी किते बदलूं, सांग."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात सगळेच ओरडून बोलतात. त्यामुळे ह्या माणसाचे कान क्रशरने कधी खाल्ले ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याला स्वतःलासुद्धा.

मी चाचरत, पण मोठ्याने सांगितलं. "पुंडलीकबाब, खोक्याक कांय जावंक ना. तुजे कान गेल्यात."

वाटलं, आता सळई फेकून मारतो. पण त्याने ती खाली ठेवली. मग विचारलं, "म्हणजे काकणां टेपींत आसात?"

"आसात."

"बरें," तो म्हणाला आणि कोपऱ्यात पडलेला रेझिस्टन्स शोधून त्याने पुन्हा जागेवर डागला. "तुज्या बायलेक त्रास नाका."

डिचोलीच्या डॉक्टरने त्याला कानाचं मशीन दिलं. ते लावलं की त्याला ट्रकच ऐकू यायचे. त्याने ते काढून देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

त्यानंतर शाळा सुटली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. कॅसेट लागायची. पाय आदळायला लागले की तो मांडीवर ठेका धरायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. काकणं वाजली की मी बोट वर करायचो. ती थांबली की खाली घ्यायचो. फुगडी संपेपर्यंत तो माझ्या बोटावरची नजर हलवत नसे.